खळ्यात गाणारा काउबॉय: जुना अमेरिकन संगीतपट घरच्या मंडळींना कसा दाखवावा

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी येतात, घर माणसांनी भरते, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर खळ्यात बसून सर्वांनी मिळून काय करावे हा प्रश्न दोन-चार दिवसांत पडतोच. मोबाइल प्रत्येकाच्या हातात असतो. पण आजीपासून प्राथमिक शाळेतल्या नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे असे त्यावर फार थोडे सापडते. तासाभरात संपणारे, गाण्यांनी भरलेले, विनोदी, आणि ज्यात हाणामारी असूनही रक्ताचा थेंब दिसत नाही, अशा चित्रपटांचा मोठा साठा अमेरिकेत साधारण १९३५ ते १९५४ या काळात तयार झाला. त्यांना तिकडे ‘सिंगिंग काउबॉय’ चित्रपट म्हणतात. असा एखादा चित्रपट देवगड, मालवण किंवा वेंगुर्ल्याकडच्या घराच्या खळ्यात नीट दाखवायचा असेल, तर काय निवडावे, कशी तयारी करावी आणि इंग्रजी न समजणाऱ्या मंडळींना तो कसा समजावून द्यावा, याची माहिती येथे देत आहे.

या चित्रपटांचा साचा ठरलेला असतो. नायक घोड्यावरून गात गात येतो. त्याच्याबरोबर एक बडबड्या, फजिती होणारा सोबती असतो. गावातला कोणी धनिक किंवा कंपनीचा मालक गरीब शेतकऱ्यांची जमीन, गुरे नाहीतर पाणी बळकावू पाहत असतो, आणि त्याचे माणूसबळ पाहता नायकाने तातडीने काही हालचाल करावी असे आपल्याला वाटत असतानाच नायक गिटार हातात घेऊन शांतपणे आणखी एक गाणे म्हणतो. अमेरिकन समीक्षकांनी या प्रकाराची पुष्कळ टिंगल केली आहे. आपल्याकडे मात्र नायक गातो का, वाद्यवृंद दिसत नसताना तो ऐकू कसा येतो, असले प्रश्न कोणी विचारत नाही. संगीत नाटकावर आणि हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला ते विचारण्याचे कारणच नसते. म्हणून माझ्या मते हे चित्रपट आज अमेरिकेतल्या तरुण प्रेक्षकापेक्षा कोकणातल्या म्हाताऱ्या प्रेक्षकाला अधिक सहज रुचतात.

यावरूनच सर्व तयारीचे सूत्र ठरते. हा चित्रपट ‘वेस्टर्न’ म्हणून न दाखवता गाण्याबजावण्याचा विनोदी खेळ म्हणून दाखवावा. साठच्या दशकातले इटालियन बनावटीचे काउबॉयपट ज्यांनी पाहिले आहेत, ते इथेही घाम, दाढीचे खुंट आणि सूड शोधू लागतात आणि नायकाचा भरतकाम केलेला शर्ट, डाग नसलेली टोपी पाहून त्यांचा विरस होतो. गाणी पूर्ण ऐकू येणे, विनोद वेळेवर समजणे आणि घोडा नीट दिसणे, या तीन गोष्टी साधल्या की बाकीचे थोडे कमीजास्त झाले तरी चालते.

चित्रपटाची निवड

पहिल्या रात्रीसाठी १९३८ सालचा ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा विषय पाणी आहे. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी होरपळलेल्या भागातल्या शेतकऱ्यांना धरणाचे पाणी कंपनीकडून पैसे मोजून घ्यावे लागते. त्यांच्यातलाच एक गाणारा तरुण निवडणूक लढवून थेट वॉशिंग्टनच्या संसदेत जातो आणि तिथे पाण्यासाठी खटपट करतो, एवढेच कथानक. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही सड्यावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पाण्याच्या मालकीवरून भांडणारा काउबॉय फारसा समजावून द्यावा लागत नाही.

या चित्रपटामागची हकीकतही सांगण्यासारखी आहे. रिपब्लिक पिक्चर्स ही १९३५ मध्ये उभी राहिलेली, कमी खर्चाचे चित्रपट झपाट्याने काढणारी कंपनी. टेक्सासमध्ये १९०७ साली जन्मलेला आणि रेडिओवर व तबकड्यांवर आधीच लोकप्रिय झालेला जीन ऑट्री हा तिचा हुकमी गायक-नायक होता. १९३८ मध्ये कराराच्या अटींवरून त्याचे आणि कंपनीचे बिनसले आणि तो कामावर येईना. तेव्हा त्याच्यासाठी योजलेला हा चित्रपट कंपनीने ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकवृंदातल्या लिओनार्ड स्लाय नावाच्या तरुणाला दिला आणि त्याचे नाव रॉय रॉजर्स ठेवले. ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात जन्मलेला हा मुलगा पुढे ‘काउबॉयांचा राजा’ म्हणून ओळखला गेला. ऑट्रीचा नेहमीचा विनोदी सोबती स्मायली बर्नेट हा याही चित्रपटात ‘फ्रॉग’ म्हणजे बेडूक या टोपणनावाच्या भूमिकेत आहे. मधेच घसा बसल्यासारखा खर्जात आवाज काढण्याची त्याची लकब पाहिली की ते नाव का पडले ते लहान मुलांनाही कळते. रॉयचा सोनेरी रंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा ट्रिगर याच चित्रपटापासून त्याच्याबरोबर आला. यातले धुळीवरचे गाणे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले होते, आणि २००९ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. दुय्यम दर्जाच्या म्हणून गणलेल्या पटाच्या वाट्याला हा मान क्वचित येतो.

प्रत मिळवताना लांबी अवश्य पाहावी. हे चित्रपट मुळात पंचावन्न ते सत्तर मिनिटांचे असत, कारण थिएटरात ते मोठ्या चित्रपटाच्या जोडीला दाखवले जात. पन्नासच्या दशकात दूरचित्रवाणीवर एका तासाच्या कार्यक्रमात जाहिरातींसह बसावेत म्हणून रिपब्लिकचे कित्येक पट कापून त्रेपन्न-चोपन्न मिनिटांचे करण्यात आले, आणि आज फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच प्रती त्या कापलेल्या आवृत्तीवरून आलेल्या आहेत. कात्री बहुधा गाण्यांवर आणि विनोदावर चालली, म्हणजे आपल्याला जे हवे नेमके त्यावरच. ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ची पूर्ण लांबी सुमारे पासष्ट मिनिटे आहे, हाती आलेली प्रत चोपन्न मिनिटांची असेल तर दुसरी शोधावी. त्याचबरोबर एखादे रात्रीचे दृश्य पाहून घ्यावे. त्या काळी रात्रीची दृश्ये पुष्कळदा भर दिवसा, भिंगापुढे काच लावून चित्रित करत. चांगल्या प्रतीत ती चांदण्यासारखी दिसतात, पण प्रतीची प्रत काढलेली असेल तर पडद्यावर नुसता काळोख येतो आणि कोण कोणाला मारतो ते समजत नाही. मागाहून रंगवलेल्या प्रती घेऊ नयेत. चित्रपट आधीच लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा, गावातल्या नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

आणखी दोन-तीन नावे हाताशी असावीत. १९३९ चा ‘द ब्रॉन्झ बकारू’ हा कृष्णवर्णीय कलावंतांनी भरलेला, सुमारे तासाभराचा पट आहे. त्याचा नायक हर्ब जेफ्रीज हा उत्तम गळ्याचा गायक होता, आणि बोलणाऱ्या खेचराच्या नावाखाली एका भोळ्या गड्याला फसवण्याचा त्यातला प्रसंग शब्द न कळताही हसवतो. अमेरिकेत वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांची चित्रपटगृहे वेगळी होती आणि जेफ्रीजचे हे पट मुख्यतः त्यांच्यासाठी निघाले, हे दाखवण्यापूर्वी सांगावे. १९३३ च्या ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’मध्ये तरुण जॉन वेन गाताना दिसतो, पण गळा दुसऱ्याचा आहे, पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्या मंडळींना त्यात काही वावगे वाटत नाही, तरीही चित्रपट म्हणून तो रुक्षच आहे, आणि पहिल्या रात्री तो लावू नये. मुलांसाठी ‘द फँटम एम्पायर’ ही १९३५ ची बारा भागांची मालिका आहे, तिच्याविषयी शेवटी लिहितो.

एक गोष्ट मात्र स्वतः आधी पूर्ण चित्रपट पाहूनच ठरवावी. या काळातल्या अमेरिकन चित्रपटांत तिथले आदिवासी, मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय नोकर यांची चेष्टा सर्रास आढळते, आणि काही ठिकाणी ती आज पाहवत नाही. असा प्रसंग लहान असेल तर त्याविषयी एक वाक्य बोलून पुढे जाता येते. सबंध चित्रपट त्यावरच उभा असेल तर तो सोडून द्यावा; निवडीला तोटा नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. भारतात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, त्यामुळे तीसच्या दशकातल्या पटांचा हा हक्क संपलेला आहे. गीतकार-संगीतकारांचे हक्क मात्र त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे चालतात, आणि यांतले बरेच जण फार उशिरा वारले. शिवाय १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक खेळासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. म्हणून तिकीट, फलक, जाहिरात या फंदात न पडता खेळ आपल्या घरच्या आणि पाहुण्यांच्या मंडळींपुरता ठेवावा. मंडळाला किंवा वाचनालयाला जाहीर खेळ करायचा असेल तर त्यांनी आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

सांगणारा माणूस

मराठी उपशीर्षके करता येतात, पण त्यांचा उपयोग मर्यादित आहे. आजीला वेगाने वाचता येत नाही, लहानांना वाचायचा कंटाळा येतो, आणि वाचण्याच्या नादात घोड्याकडे लक्ष जात नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे पडद्याच्या बाजूला माइक घेऊन बसणारा एक सांगणारा माणूस. घरात असा एखादा काका किंवा आतेभाऊ असतोच, ज्याला गप्पा रंगवता येतात आणि थांबायचेही कळते. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे.

सांगणाऱ्याने चित्रपट आधी पाहून वहीत प्रसंगवार टाचण करावे आणि प्रत्येक प्रसंगापुढे घड्याळातली मिनिटे लिहावीत. संवादांचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह टाळावा. पडद्यावर दोघे जण मिनिटभर बोलत असतील तर त्याचे मराठीत दोन वाक्यांत सार पुरते, आणि ते पात्रांचे बोलणे संपता संपता सांगावे, म्हणजे मूळ आवाजाची ढबही कानावर पडते. गाणे सुरू होण्यापूर्वी त्याचा भाव सांगून टाकावा आणि गाणे चालू असताना एक अक्षरही बोलू नये. घोडदौड आणि मारामारी यांनाही निवेदनाची गरज नसते.

भाषेची वाटणी दशावतारातून सरळ उचलावी. दशावतारी नाटकात राजा आणि ऋषी प्रमाण, भारदस्त मराठीत बोलतात आणि विनोदी पात्र मालवणीत उतरते, हे आपल्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले आहे. त्याप्रमाणे नायकाचे आणि कंपनीच्या मालकाचे बोलणे प्रमाण मराठीत सांगावे आणि फ्रॉगचे सगळे मालवणीत. घोड्याने ऐकले नाही आणि फ्रॉग वैतागला, की सांगणाऱ्याने ‘अरे मेल्या, ह्यो घोडो माझ्यापेक्षा शाणो आसा, तेकाच निवडणुकीक उभो करा’ असे काही आपल्या पदरचे घालावे. मूळ संवादात ते नसले तरी बिघडत नाही. मात्र अशी भर फ्रॉगपुरतीच असावी. नायकाच्या तोंडी कोटी घातली की त्याचे वजन जाते आणि पुढचे गाणे पडते.

एक प्रसंग कसा हाताळावा ते जरा तपशिलाने सांगतो. वॉशिंग्टनमधल्या उंची मेजवानीत रॉय तिथल्या बड्या मंडळींना आपल्या मुलखाची अवस्था चित्रफितीवर दाखवतो आणि ती चालू असताना धुळीचे गाणे गातो. यातली दृश्ये ज्या आपत्तीची आहेत ती खरोखर घडलेली आहे. १९३० च्या दशकात कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासचा उत्तर भाग, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या प्रदेशांत गवताळ रान नांगरून गव्हाखाली आणलेले होते; लागोपाठ दुष्काळ पडला, मातीला धरून ठेवणारे गवत उरले नव्हते, आणि वाऱ्याने शेतेच्या शेते उचलून नेली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळात भर दिवसा अंधार झाला. हे सगळे गाण्याच्या आधी, मेजवानीचे पाहुणे आत येत असतानाच्या वेळात सांगता येते. मी टाचणात लिहितो ते साधारण असे: ‘हे सगळे पोटभर जेवलेले पुढारी आहेत. यांना दुष्काळ म्हणजे काय ते माहीत नाही. रॉय म्हणतो, बसा, तुम्हाला आमच्याकडची धूळ दाखवतो. आता जे दिसेल ते खरे आहे.’ यानंतर माइक बंद करावा, नुसता खाली ठेवून भागत नाही. खळ्यातल्या पडद्यावर आणखी एक पडदा उघडतो आणि बडबडी मुलेसुद्धा गप्प होतात. समुद्राकाठच्या माणसाने धुळीचे वादळ पाहिलेले नसते, पण कोरडी विहीर पाहिलेली असते.

पडदा, वारा आणि आवाज

हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत, उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद. आजचे टीव्ही आणि प्रोजेक्टर १६ : ९ या प्रमाणाचे असतात, आणि सेटिंग तपासले नाही तर ते चित्र आडवे ताणतात, मग रॉय रॉजर्स बुटका आणि ट्रिगर म्हशीसारखा दिसतो. चित्राचे मूळ प्रमाण कायम ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. पंचवीस-तीस माणसांसाठी आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच चित्र पुरेसे होते. सहा फूट उंचीसाठी प्रोजेक्टरची पूर्ण चौकट जवळपास पावणेअकरा फूट रुंद पडते, आणि नेहमीच्या प्रोजेक्टरला रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणजे पडद्यापासून सोळा फुटांवर स्टूल मांडावे. तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधारात पुरतो. तो भाड्याने आणायचा झाल्यास आदल्या दिवशी आणून तासभर चालवून पाहावा.

पडद्यासाठी नवी चादर आणण्याची गरज नाही. जाड, पांढरा मांजरपाट दोन पन्हे जोडून शिवून घ्यावा आणि शिवण आडवी, वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे ती माणसांच्या चेहऱ्यांवर येत नाही. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंतीवर थेट चित्र टाकू नये. दगड खडबडीत असतो आणि प्रकाश पिऊन टाकतो. चुना काढलेली सपाट भिंत असेल तर मात्र कापडाचीही गरज नाही.

खरा शत्रू वारा. दिवसभर समुद्राकडून येणारा खारा वारा संध्याकाळी लगेच पडत नाही, रात्र चढल्यावर मंदावतो आणि उत्तररात्री उलटा, जमिनीकडून वाहू लागतो. म्हणून पडदा घराच्या पूर्वेच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला असावा. माडांच्या मधे मोकळ्यावर बांधला तर तो शिडासारखा फुगतो आणि नायिकेचा चेहरा पाण्यातल्यासारखा हलतो. कापडाच्या वरच्या आणि खालच्या कडेला नेफा शिवून त्यांत बांबू घालावेत. वरचा बांबू काथ्याच्या दोरीने वाशाला घट्ट बांधावा आणि खालचा नुसता लोंबता ठेवून त्याच्या दोन टोकांना चिऱ्याचे तुकडे टांगावेत. चारही कोपरे ताणून बांधल्यास वाऱ्याचा एक झोत कापड फाडायला पुरतो.

मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पावणेआठपर्यंत पुरेसा काळोख होतो. आठला सुरुवात केली तर प्रास्ताविक, चित्रपट आणि मधली पाच मिनिटांची विश्रांती धरून साडेनऊपर्यंत सगळे संपते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहेच, त्यामुळे हा वेळ सर्व दृष्टींनी सोयीचा पडतो.

आवाजाची तयारी चित्राइतकीच मनापासून करावी, कारण गाणी हेच या चित्रपटांचे भांडवल आहे. त्या काळचा ध्वनी एकाच पट्टीचा आहे, त्यात खोल खर्जही नाही आणि फार तीव्र स्वरही नाहीत. वाढदिवसाला लावतात तसले धडधडणारे स्पीकर त्यात नसलेला खर्ज वाढवायला जातात आणि गायकाचा गळा दाबून टाकतात. एकच मध्यम स्पीकर पडद्याखाली मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. बास निम्म्यावर आणावा, आणि जुन्या ध्वनीची खरखर फार जाणवत असेल तर ट्रेबल किंचित उतरवावा. गिटार, फिडल आणि अकॉर्डियन यांचे आवाज निरनिराळे ओळखू येऊ लागले की आवाज जमला. निवेदनाचा माइक दुसऱ्या, लहान स्पीकरला जोडावा आणि तो पडद्याच्या बाजूला ठेवावा, म्हणजे कानाला पात्र आणि सांगणारा वेगळे कळतात.

प्रोजेक्टर थंड खोलीतून एकदम दमट हवेत आणला तर भिंगावर बाष्प धरते. तो अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवावा आणि पुसण्याची घाई करू नये. प्रकाशाच्या झोतावर किडे येतात, आणि भिंगावर बसलेला एक पतंग पडद्यावर गिधाडाएवढा दिसतो. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या बाजूला, एक साधा दिवा चालू ठेवला की बरेचसे किडे तिकडे जातात. वीज जाईल हे धरूनच चालावे. इन्व्हर्टर असेल तर प्रोजेक्टर आणि स्पीकर त्यावरच ठेवावेत. नसेल तर वीज परत आल्यावर प्रोजेक्टर लगेच सुरू न करता दिवा निवेपर्यंत थांबावे. तेवढ्या वेळात सांगणाऱ्याने पुढची गोष्ट अर्धवट सांगून उत्सुकता वाढवावी, आणि आजीने शेंगदाणे वाटावेत.

सुरू करण्यापूर्वी

प्रास्ताविक पाच मिनिटांहून मोठे नसावे. काउबॉय म्हणजे पगारी गुराखी, हे आधी सांगावे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, साधारण १८६६ पासून वीस वर्षे, टेक्सासमधले गुरांचे मोठमोठे कळप पायी चालवत कॅन्ससमधल्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेले जात. या कामाची रीत मुळात मेक्सिकन गुराख्यांची होती आणि काम करणाऱ्यांत कृष्णवर्णीयही बरेच होते. रात्री कळपाभोवती घोड्यावरून फिरताना गुरे बुजू नयेत म्हणून राखणदार गात असत. म्हणजे पडद्यावरचा भरतकामाचा शर्ट खोटा असला तरी गाणे अगदीच खोटे नाही.

दुसरी गोष्ट सांगून ठेवली नाही तर मधेच कोणीतरी विचारतो: घोडे, पिस्तुले असताना मोटार आणि टेलिफोन कुठून आले? हे चित्रपट पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या काळात, म्हणजे तीसच्या दशकात घडतात, आणि त्यांत घोडा, रेडिओ आणि विमान एकत्र नांदतात. ती चूक समजू नये. ज्या शेतकरी प्रेक्षकांसाठी ते काढले जात, त्यांच्या घरी रेडिओही होता आणि तबेल्यात घोडाही.

बाकी सोय माणसे बघून करावी. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या कडेने, मुले पुढे चटईवर, आणि प्रोजेक्टरच्या झोताखाली कोणालाही बसवू नये, कारण मधेच पाणी प्यायला उठणाऱ्याचे डोके ट्रिगरच्या पाठीवर दिसते. कोकम सरबत विश्रांतीत द्यावे, गाणे चालू असताना पेले फिरवू नयेत.

पहिली रात्र रंगली की मुले दुसऱ्या दिवशी सकाळपासून मागे लागतात, आणि तेव्हा ‘द फँटम एम्पायर’ काढावी. तिच्यात जीन ऑट्री हा रेडिओवर गाणारा काउबॉय आहे. त्याच्या कुरणाखाली, जमिनीच्या पोटात, यंत्रमानव आणि राणी असलेले एक प्रगत राज्य आहे. तिथले लोक त्याला पकडतात, इकडे लबाड संशोधक त्याच्या मागावर असतात, आणि या सगळ्यातून सुटून त्याला रोज दुपारी गाण्याच्या कार्यक्रमाला वेळेवर पोहोचावे लागते, नाहीतर कुरण हातचे जाईल. कथेला शेंडाबुडखा नाही आणि मुलांना त्याची काही पर्वा नसते. पहिला भाग जरा मोठा आहे, पुढचे वीस मिनिटांच्या आसपास आहेत, आणि प्रत्येक भाग नायक संकटात असताना संपतो. रोज एकच भाग दाखवावा, कितीही हट्ट झाला तरी दोन लावू नयेत. बारा भागांना बारा रात्री लागतात, त्यात वळवाच्या पावसाने दोन-तीन वाया जाणार, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग बरसू लागला की खळ्यात काहीच मांडता येत नाही. शिवाय शाळा उघडण्याआधी मुंबईची मंडळी परतायला लागतात. म्हणून मालिका दाखवायची असेल तर पंधरा मेच्या आत पहिला भाग लावावा.